हिवाळ्यात गाडी कुठे ठेवायची: पत्र्याचं गोदाम की फ्लॅटखालचं पार्किंग?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुलांकडे राहायला जायचं आणि गाडी नागपुरातच सोडायची, म्हटलं की बहुतेकांपुढे दोन जागा असतात. वाडीकडे ओळखीच्याचं पत्र्याचं गोदाम, नाहीतर स्वतःच्याच फ्लॅटखालचं, बाजूंनी उघडं पार्किंग. कुलूपबंद जागा म्हणून मन गोदामाकडे ओढतं. माझंही ओढलं होतं.

थंडीची धास्ती आधी सोडा. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला, तेव्हाही रेडिएटरमधलं पाणी गोठण्याचा प्रश्न नव्हता. इथे गाडीला छळतो तो दुपार आणि पहाट यांतला फरक. दुपारी २८ अंश, पहाटे १०-१२. पत्रा रात्री झपाट्याने गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याला खालून धरते आणि पहाटे टपटप सुरू होते. जमीन कोब्याची नसून मातीची असेल तर ओल खालूनही येते. तीन महिन्यांनी कव्हर काढलं तर बॉनेटवर धुळीत थेंबांचे गोल डाग आणि ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज. फ्लॅटखाली हे होत नाही, कारण स्लॅब सावकाश निवतो आणि वारा खेळता असतो.

दुसरं दुखणं उंदीर. शेजारच्या खणात पेंडीची पोती होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एअर फिल्टरच्या डब्यात सुतळी आणि सीटचा कापूस यांचं बैजवार घरटं निघालं, वायरिंगचं बिल वेगळंच. पार्किंगातही उंदीर असतातच, पण तिथे माणसांची ये-जा असते आणि शेजाऱ्याकडे किल्ली दिली तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघतो. डांबराच्या गोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

पार्किंगचा तोटा म्हणजे धूळ आणि पोरांच्या सायकली. ओरखडा पडणार, हे धरूनच चाला. कव्हर कापडी घ्या. प्लास्टिकची ताडपत्री ओल कोंडून ठेवते.

बॅटरीचं मात्र दोन्हीकडे सारखंच. बंद गाडीही घड्याळ-अलार्मसाठी ३० मिलिअँपिअर ओढत असेल, तर महिन्याला वीसेक अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते. त्यामुळे निगेटिव्ह वायर काढून ठेवा. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करायला सांगू नका, त्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. हँडब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला विटा लावा. टाकी काठोकाठ भरा, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषतं. टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा.

गोदामात कोबा असेल, वर हवेला झरोके असतील, धान्य नसेल आणि मालक रोज फिरकत असेल, तर खुशाल तिथे ठेवा. तळघरातलं पार्किंग हिवाळ्यापुरतं ठीक आहे. पण मुक्काम पावसाळ्यापर्यंत लांबणार असेल तर नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते अजून आठवतं.

माझी गाडी सध्या फ्लॅटखाली आहे. कव्हरवर एक मांजर झोपतं, नखांनी कापड फाडतं. शेजारी हाकलू का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, राहू द्या.