कुंडीतली जुनी माती: ओतून काढावी की जागेवरच खत द्यावं?

टोमॅटोची झाडं वाळली की गच्चीवर हा प्रश्न दर वर्षी येतो. नवी पोती विकत आणणं मी केव्हाच सोडलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती चढवणार कोण? राहिल्या दोन वाटा. एक, रोप बुंध्याशी कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची आणि वर दोन इंच गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, त्यावर पालापाचोळा. दुसरी, कुंडी ओतायची, माती चाळायची, ऊन द्यायचं आणि खत मिसळून परत भरायची.

पहिल्या वाटेचं कौतुक करणारे खोटं बोलत नाहीत. गांडुळं जागेवर राहतात, धूळ उडत नाही, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे वाचतात. दोन वर्षं मीही तेच केलं. पसरट ट्रेमधली मेथी-पालक छान आली.

मोठ्या कुंड्यांत मात्र पाण्याने छळलं. मातीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पार सुकलं की पाणी पटकन धरत नाही. त्यात जुन्या मुळांचं जाळं. झारी रिकामी करावी, तर पाणी कडेकडेने थेट खालच्या भोकातून गच्चीवर. मी खूश, भरपूर घातलं म्हणून. संध्याकाळी वांगी माना टाकून उभी! वैतागून एक कुंडी उलटी केली, तर मधला गोळा ठणठणीत कोरडा आणि मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या, गाठी. टोमॅटोच्या मातीत लगेच त्याच कुळातली वांगी लावायचा शहाणपणा माझाच होता म्हणा. पण न ओतता हे दिसलं नसतं.

तेव्हापासून मी ओततो. एप्रिल-मेमध्ये माती ओलवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे झाकतो. नुसती पसरून सुकवण्यापेक्षा हे बरं, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते. मग साधारण तीन घमेली मातीला एक घमेलं खत आणि थोडी पेंड. पेंड कुजताना तापते, म्हणून रोप पंधरा दिवसांनी. गाठीवाली मुळं खतात टाकत नाही.

तुमच्या कुंड्या खिडकीच्या जाळीत असतील किंवा नुसती पालेभाजीच लावत असाल, तर कदाचित ओतायची गरज पडणार नाही. फळभाजीसाठी मी तरी ओतल्याशिवाय राहणार नाही. फक्त ओतण्याआधी गच्चीच्या पाइपाच्या तोंडावर फडकं बसवा. मी बसवलं नव्हतं. पहिल्याच पावसात गच्चीचं तळं झालं.