पोटाचा पट्टा: ऑपरेशननंतर घरी जाताना घ्यावा का?

मी कपडे शिवते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून शिवण बघायची, ही जुनी खोड. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, घरी सोडायचं ठरलं, आणि भावाने दुकानातून पोटाचा पट्टा आणून दिला, तेव्हा पडल्या पडल्या मी तोही उलटाच केला. घरचा रस्ता गाडीने चार-पाच तासांचा होता आणि छातीच्या हाडाखालून ओटीपोटापर्यंत टाके होते. त्यामुळे या परीक्षणात शिवणही आहे आणि टाकेही.

निकाल आधीच सांगते. गाडीत चढताना, उतरताना, खोकताना आणि चालताना पट्टा हवाच. पण तासन्‌तास बसून राहायला तो मुळीच सोयीचा नाही. दुकानात कोणी हे सांगत नाही आणि खोक्यावर तर एक बाई पट्टा लावून हसत उभी असते. तिला बसवून फोटो काढायला हवा होता.

वस्तू अशी: विणलेल्या इलॅस्टिकच्या साधारण तीन-तीन इंच रुंद आडव्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या. तीन असल्या तर नऊ इंच उंची, चार असल्या तर बारा. पुढच्या टोकाला वेल्क्रोचा काटेरी भाग, बाकी पट्टा मऊ लूपचा, त्यामुळे कुठेही चिकटतो. माझ्या पट्ट्याच्या जोडांवर दुहेरी टीप होती, ती भक्कम आहे, ओढाताणीत एकही टाका सुटला नाही. वेल्क्रोच्या कडा मात्र कापून तशाच सोडलेल्या. ती टोकं मांडीला आणि गाऊनला लागत राहतात. घरी मी त्यावर सुती पट्टी दुमडून शिवली. मागे पाठीला आधार म्हणून प्लास्टिकच्या काड्या घातलेले पट्टेही मिळतात. कमरेला आवडत असतील, गाडीच्या सीटला टेकल्यावर टोचतात. काड्या नसलेला घ्या.

उंचीबद्दल एवढंच म्हणेन की बसायचं असेल तर बारा इंच विसरा, तुमचं धड लांब असेल तर गोष्ट वेगळी. उभं असताना तो छान वाटतो. बसलं की वरची कड फासळ्यांत शिरते, खालची जांघेत, आणि मधे नेमकी जखमेवर घडी पडते. भावाने बाराचाच आणला होता, तो बदलून नऊचा घेतला. आणि माप ऑपरेशननंतर घ्यायचं, बेंबीच्या पातळीवर. सूज आणि गॅस यांनी पोट वाढलेलं असतं, जुन्या कपड्यांच्या मापावर विसंबू नये.

लावायची पद्धत फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवली ती सोन्यासारखी आहे. पलंगावर उताणं झोपून, आत सुती बनियन घालून, पट्टा कमरेखालून सरकवायचा. खालची कड आधी बसवायची, मग वरची. दोन बोटं सहज आत जायला हवीत. घट्ट बांधलं की श्वास वरवर चालतो, खोल श्वास घेता येत नाही, आणि ऑपरेशननंतर फुफ्फुसांना खोल श्वासच हवा असतो. वेल्क्रोची टोकं एका बाजूला घ्यायची, टाक्यांवर नाही.

माझी ड्रेनची नळी, म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेरच्या फुग्यात ओढून घेणारी नळी, अजून होती. हे जवळून सांगते, कारण इथेच गोंधळ होतो. नळी पट्ट्याखाली आडवी चिरडली गेली तर ती मुडपते आणि पाणी आत साठतं. म्हणून नळी पट्ट्याच्या खालच्या कडेवरून बाहेर काढली, तिला हातभर सैल वळण दिलं आणि फुगा गाऊनला सेफ्टीपिनेने अडकवला, नळी जिथून बाहेर येते त्याच्या खालच्या पातळीवर. निघायच्या आधी फुगा रिकामा करून, दाबून, झाकण लावलं. चपटा राहिला म्हणजे ओढ चालू आहे. गोल फुगला की भरला किंवा हवा शिरली. वाटेत मी नजरेने तेवढंच बघत होते. शेजारच्या पलंगावरच्या काकूंना स्टोमा होता, म्हणजे मल पिशवीत जावा म्हणून आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं. त्यांना साधा पट्टा चालत नाही, पिशवी दबते. त्यांच्यासाठी त्या जागी मापाचं भोक असलेला वेगळा पट्टा लागतो आणि तो स्टोमा नर्सना विचारूनच घ्यायचा.

आता प्रवास. दुखायची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घेतली होती, कारण गाडीपर्यंतचं चालणं आणि आत बसणं हाच सगळ्यात वाईट भाग. पुढची सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली, सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी. आधी पाठमोरं होऊन बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. प्लास्टिकवर अंग सरकतं, पोट पिळत नाही. इथे पट्ट्याने खरं काम केलं. टाके ताणले जाण्याची जी धास्ती असते ती निम्म्याने उतरली. बसून झाल्यावर मी पट्टा सैल केला, गाडी चालू व्हायच्या आधीच. वेल्क्रोचा चर्र आवाज ऐकून भाऊ दचकला, “ताई, टाका तुटला का?”

वहिनीचं म्हणणं होतं की मागच्या सीटवर आडवं करून न्यावं. प्रेमाने म्हणत होती, पण आडव्या माणसाला सीटबेल्ट नीट लागत नाही आणि ब्रेक लागला की तेच पोट पुढे जातं. सीटबेल्टचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर, पट्ट्याच्या खालच्या कडेखाली हवा. वरचा भाग खांद्यावरून छातीच्या मधून. बेल्टला वेल्क्रोने चिकटवायच्या जाड उशा विकत मिळतात. तीही आम्ही घेतली होती. तिला मी नापास करते. बेल्ट आणि अंग यांच्यामधे जाड फोम आला की बेल्ट ढिला बसतो आणि धक्क्यात तो फोम दबून अंग पुढे सरकतं. त्याऐवजी पातळ पंचा एकदा दुमडून बेल्टखाली ठेवला, बेल्ट टोचायचा थांबला, संपलं. मऊ छोटी उशी बेल्टच्या वरून मांडीवर, हातात. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की ती दोन्ही हातांनी पोटावर दाबायची. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की भाऊ “ताई, उशी!” म्हणायचा. हा हुकूम पट्ट्याइतकाच उपयोगी पडला, आणि फुकट.

दर तासाला थांबत गेलो. थांबलो की पट्टा पुन्हा घट्ट, उतरणं, दहा पावलं चालणं, लघवी, पुन्हा बसणं, पुन्हा सैल. कंटाळा येतो, पण हे कंबर मोकळी करायला नाही, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं आठवडाभर घेतलेल्यांमधे १२ टक्क्यांना गुठळी आढळली, चार आठवडे घेतलेल्यांमधे ४.८ टक्क्यांना. मलाही घरी चार आठवडे रोज एक सुई होती. गाडीत बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवत राहायचे, हेही सांगितलं होतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर घर जवळ आलं म्हणून पुढे जायचं नाही, जवळच्या दवाखान्यात वळायचं. ताप, उलट्या थांबेनात, जखमेतून पू किंवा भरपूर पाणी आलं तरी तेच.

विमानाचा पर्याय पुतण्याने सुचवला होता. तिथे पट्टा कामाला येत नाही: वर केबिनचा दाब कमी असतो, पोटात अडकलेला वायू जवळपास तीस टक्क्यांनी फुगतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर दहा दिवस विमान टाळायला सांगते. आपल्या सर्जनना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

पट्ट्याबद्दल मोठमोठे दावेही ऐकू येतात. वेदना कमी होतात आणि चालायला धीर येतो, याला अभ्यासांत आधार आहे, आणि माझ्या अंगाने तेच सांगितलं. हर्निया होत नाही म्हणून घ्या असं दुकानदार म्हणाला, त्याला तसा पक्का आधार नाही. हर्नियासाठी वजन न उचलणं जास्त महत्त्वाचं. मला सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायला बंदी होती. शिलाई मशीनचं झाकणसुद्धा वहिनीनेच काढलं.

धुणं सोपं आहे. आधी वेल्क्रो बंद करायचा, नाहीतर काटे दुसऱ्या कपड्यांचे धागे ओढतात. मग थंड पाण्यात हाताने, सौम्य साबणाने, पिळायचं नाही, उन्हात नाही. दोन घेता आले तर घ्या, एक वाळत असताना दुसरा लागतो. इलॅस्टिक पाच-सहा आठवड्यांत सैल पडलं, पण तोवर माझी गरजही बरीच संपली होती.

पाचपैकी साडेतीन देते. दीड गुण कडांचे आणि खोक्यावरच्या उभ्या बाईचे कापले. उंची नऊ इंच, काड्या नकोत, बेंबीपाशी ऑपरेशननंतरचं माप, एवढं कागदावर लिहून आणणाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे बदलायला पुन्हा दुकानात जायला लागणार नाही.