फेलोशिपचा अर्ज भरून देणारे दुकान

रत्नागिरीच्या एसटी स्थानकाजवळील एका झेरॉक्सच्या दुकानात मी पीएच.डी.च्या फेलोशिपचा अर्ज भरून घेतला. बार्टी, सारथी आणि महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या पात्रतेतील फरक दुकानदार काकांना तोंडपाठ असून, माझ्या नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत संपत आल्याचेही त्यांनीच लक्षात आणून दिले. घरात पदवीपुढे कोणी शिकलेले नसलेल्या माझ्यासारख्याला असा माणूस माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतो. यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली असली, तरी त्यांच्या भिंतीवरील तक्ता अजून ३१,०००च दाखवतो. स्कॅनिंग मात्र फिकट. मार्गदर्शकांची सही दिसेना म्हणून अर्ज परत आला आणि भर पावसात लांज्याहून पुन्हा हेलपाटा पडला. दुसऱ्या खेपेचे पैसे काकांनी घेतले नाहीत.