आईबाबा येणार: फिरायला कार घ्यावी की ट्रेनने जावं?

व्हिसा लागला, तिकिटं निघाली, की लगेच हा प्रश्न उभा राहतो. नव्वद दिवसांत काय काय दाखवायचं याची यादी तयारच असते. कशाने फिरवायचं यावर मात्र घरात एकमत होत नाही. आम्ही जर्मनीत म्युनिकला राहतो. माझे आईबाबा भारतातून पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही कार भाड्याने घेतली होती. दुसऱ्या खेपेला जवळजवळ सगळं ट्रेनने फिरलो. दोन्हीचं बरंवाईट बघून झालंय, म्हणून लिहितोय. तुमच्याकडची माणसं वेगळी, त्यांच्या तब्येती वेगळ्या. त्यामुळे हे आमच्यापुरतं धरून वाचा.

तुम्ही जर्मनीत येऊन सहा महिने झाले असतील तर भारतीय लायसन्सवर इथे कार चालवता येत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन इथलं लायसन्स काढावं लागतं. ते अजून नसेल तर प्रश्न तिथेच मिटला. असेल, तर पुढे वाचा.

कारचं सुख मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बॅगा घराच्या दारातून डिकीत आणि डिकीतून हॉटेलच्या दारात. पाऊस आला तरी कुणी भिजत नाही. बाबा पुढे बसतात, नकाशा बघतात, प्रत्येक बोगद्याची लांबी मोठ्याने वाचतात. वाटेत एखादं तळं आवडलं तर थांबता येतं. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग घाटाच्या रस्त्यावर आम्ही असेच एका वळणाशी थांबलो होतो. घरून नेलेला डबा कठड्यावर उघडला, समोर डोंगरावर बर्फ होता. तो अर्धा तास कुठल्याही ट्रेनने दिला नसता.

बारीकसारीक कटकटी असतात, पण त्या सोसता येतात. ऑस्ट्रियाचा विन्येट (महामार्गाच्या टोलचा स्टिकर) वेगळा. स्वित्झर्लंडचा तर वर्षभराचाच मिळतो, एक दिवस जायचं असलं तरी 40 फ्रँक. ऑगस्टमधल्या शनिवारी साल्झबुर्गच्या वाटेवर ए-8 महामार्ग तुंबलेला असतो आणि सीमेवर तपासणी असली की आणखी वेळ जातो. ऑटोमॅटिक कार हवी असेल तर लवकर बुक करावी लागते. या कशामुळेही मी कार सोडली नसती.

सोडली ती पाण्याच्या बाटलीमुळे.

चार दिवसांचा दौरा होता: ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक, लिख्टेनश्टाइनमधलं वाडुझ, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न आणि परत. दुसऱ्या रात्री हॉटेलवर आईच्या पोटऱ्यांत गोळे आले. बायको तिचे पाय चोळायला बसली आणि तिची नजर पर्समधल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर गेली. सकाळी तिनेच भरून दिली होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, जेमतेम दोन घोट कमी. तेही बीपीच्या गोळीपुरते. "आई, दिवसभर पाणीच प्यायला नाहीत?" आई म्हणाली, "अगं, तो एवढ्या वेगात चालवतोय. सारखं थांब थांब कुठे म्हणायचं?"

मी दर दीड-दोन तासांनी विचारत होतो. ती दर वेळी "नको, चालू दे" म्हणत होती आणि मी त्यावर विश्वास ठेवत होतो. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, पुढचा थांबा कधी तीस किलोमीटरवर असतो, कधी तिथे रांग असते, एक युरो टाकल्याशिवाय टॉयलेटचं दार उघडत नाही. एक युरो म्हणजे किती रुपये याचा हिशेब आईच्या डोक्यात चालू असणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कारमध्ये सगळ्यांना थांबवायचं तर एकाला तोंड उघडून सांगावं लागतं. आपल्या आया ते सांगत नाहीत. उरलेले दोन दिवस मी न विचारता दर तासाला थांबलो, पण तिला संकोच वाटायचा तो वाटायचाच. आपल्यामुळे उशीर होतोय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत राहिलं.

दुसऱ्या खेपेला म्युनिक-झ्युरिक ट्रेनने गेलो, साधारण साडेतीन तास. चौघांना मधे टेबल असलेली समोरासमोरची जागा आरक्षित केली होती. (आरक्षण तिकिटात धरलेलं नसतं, वेगळं काढावं लागतं. ज्येष्ठ माणसं सोबत असताना ते चुकवू नका.) लिंडाऊच्या आसपास बोडेनझे हे मोठं तळं दिसायला लागलं तोवर आईची बाटली रिकामी झाली होती. ती आपली आपण उठायची, सीटच्या कडांना धरत डब्याच्या टोकाला जाऊन यायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. त्या दौऱ्यात पायात गोळे आले नाहीत. हे काही मोजमाप नव्हे, पण मला पुरेसं होतं.

दुसरी गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. चालवणारा माणूस सहलीत नसतो. पहिल्या खेपेला माझी नजर रस्त्यावर आणि आईबाबांच्या गप्पा माझ्याशिवाय. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरिट्झहून इटलीतल्या तिरानोला उतरणाऱ्या लाल ट्रेनमध्ये मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. 2253 मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निनापासून खाली सव्वाचारशे मीटरच्या आसपास ती दातेरी रुळाशिवाय उतरते. ब्रुझिओला दगडी पुलावर गोल फिरून ट्रेन स्वतःच्याच वाटेखालून निघते, तेव्हा बाबांनी माझा दंड धरून ठेवला होता. त्यांची अख्खी नोकरी रेल्वेत गेली. (या मार्गावर नावाजलेली बेर्निना एक्स्प्रेसच पकडायला हवी असं नाही. त्याच रुळांवर साध्या गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात.)

आता ट्रेनचा त्रास. तो खरा आहे आणि लपवणार नाही. गाडी बदलायला सात मिनिटं, आधीची गाडी पाच मिनिटं उशिरा, प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदललेला आणि लिफ्ट बंद. हे सगळं एकाच स्टेशनवर आमच्या वाट्याला आलं. बाबा ऐकेनात, मोठी बॅग स्वतः उचलून जिना चढले आणि वर जाऊन दोन मिनिटं खांबाला टेकून उभे राहिले. त्या दोन मिनिटांत मला कारची फार आठवण झाली. त्यानंतर नियम केला: शक्यतो थेट गाडी, बदलायचीच असेल तर मधे किमान पंचवीस मिनिटं, आणि मोठ्या बॅगा घरी. चौघांत चाकं असलेल्या दोन लहान बॅगा आणि एक पाठीवरची पिशवी, बस्स. पुढची गाडी चुकली तरी तिच्यानंतर दुसरी असते, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते धावत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर चौघांना लांब पल्ल्याला कार बहुधा स्वस्त पडते. जवळच्या फिरण्याला मात्र डॉइशलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारा महिन्याचा पास, चांगलं. 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2026 पासून महिन्याला 63 आहे. आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही, पण म्युनिकहून गार्मिश, फ्युसेन, अगदी साल्झबुर्गपर्यंतही प्रादेशिक गाडीने जाता येतं. आईबाबांच्या नावाने घेतलंत तर ते परत जाणार त्या महिन्याच्या 10 तारखेआधी रद्द करायला विसरू नका. हे तिकीट हातात आल्यावर बाबा दुपारी एकटेच बाहेर पडायला लागले. कारच्या खेपेला आम्ही ऑफिसातून येईपर्यंत दोघं खिडकीत बसलेले असायचे.

तुमच्याकडे कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, सोबत तान्हं बाळ असेल, किंवा बस दिवसातून दोनदाच येते अशा डोंगरातल्या गावी राहायचं असेल, तर कारच घ्या. तिथे मी ट्रेनचा आग्रह धरणार नाही. आम्हीही येत्या मे महिन्यात इटलीतल्या डोलोमिटी डोंगरांमधले तीन दिवस कारच घेतोय. बाकीच्या सगळ्या प्रवासाची आरक्षणं मात्र ट्रेनची केलीत, टेबलाची जागा, आणि आईची सीट दाराच्या बाजूची.