सारंगखेड्याच्या यात्रेतले पाळणे: कुठे बसावं, काय बघून बसावं

दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात सगळे घोडेबाजार बघतात. थरार हवा असेल तर अंधार पडल्यावर पाळण्यांकडे वळा.

सगळ्यात भारी म्हणजे झोके घेणारी नाव. खाली मोटारीवर फिरणारं रबरी टायर नावेच्या तळाला घासून तिला झोका देतं. पोटात गोळा येतो तो वरच्या टोकाला. तिथे नाव क्षणभर थांबते, अंग सीटवरून सुटतं आणि हात आपोआप दांडी आवळतात. मधे बसाल तर यातलं निम्मंही मिळणार नाही. शेवटचीच रांग धरा, फक्त जेवणाआधी.

आकाशपाळण्यात वर जाताना मजा, खाली येताना भीती. चालवणारा समोरासमोरचे डबे आलटून-पालटून भरतोय ना, ते बघा. वजन एकाच बाजूला पडलं की चाक हिसके देतं.

मौत का कुआं बघायचाच. मोटरसायकल उभ्या फळ्यांवर टिकते ती वेगामुळे. वेग घटला की टायरची पकड अपुरी पडते आणि गाडी खाली घसरते. ती वर आली की पायाखालचा सज्जा थरथरतो. पोरांना कठड्यावर वाकू देऊ नका, गाडीवाल्याला नोट द्यायला हात तर मुळीच बाहेर काढू नका.

तिकिटाआधी पाळण्याला एक चक्कर मारा. पाळण्याच्या पायांखालचे लाकडी ठोकळे मातीत खचलेत किंवा दांडीच्या लॉकला पिनेऐवजी तार गुंडाळलीय, असं दिसलं तर सरळ पुढच्या पाळण्याकडे जा.