गूगल अलर्ट: कोकणात नव्या नशेच्या अपायाची चाहूल लागते का?

तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेला किंवा व्यसनमुक्ती संस्थेला बातम्यांवर नजर ठेवायची असेल, तर गूगल अलर्ट ही, दिलेला शब्द नव्या बातमीत आला की ईमेल पाठवणारी फुकटची सेवा पुरते. शोधशब्द मात्र विचार करून निवडायला हवेत.

नुसतं ‘एमडी’ टाकलंत तर मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाऐवजी (एमडी हे त्याचंच बोलीतलं नाव) एमडी डॉक्टरांचे सत्कार आणि कंपन्यांचे एमडी येऊन पडतात. त्यावर उपाय म्हणून ‘डॉक्टर’ शब्द वगळू नका, रुग्णालयातली बातमीच त्याबरोबर गळते. ‘एमडी पावडर’, ‘एमडी ड्रग्ज’ असे जोडशब्द अवतरणचिन्हांत द्या. अमली आणि अंमली, ड्रग्ज आणि ड्रग्स, दोन्ही रूपं घ्या. ‘कोकण’ घालून फारसं हाती लागत नाही. बातमीत चिपळूण, दापोली, मालवण असतं, म्हणून तालुकावार अलर्ट लावा. सेटिंगमध्ये ‘सर्व निकाल’ आणि ‘दिवसातून एकदा’ निवडा.

खरी गोम पुढेच आहे. पदार्थाच्या नावाने पोलिसांची कारवाई कळते, माणसाला झालेला अपाय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली आणि बातम्यांचा पूर आला. त्यावरून कोण आजारी पडलं याचा अंदाज बांधणं चूकच. अपायासाठी वेगळा संच हवा: ‘अत्यवस्थ’, ‘बेशुद्धावस्थेत’, ‘नशेच्या गोळ्या’ आणि सगळ्यात कामाचा ‘व्हिसेरा राखून’ (म्हणजे शवविच्छेदनात अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवून). ‘विषबाधा’ घातलंत तर लग्नाच्या जेवणातलीही येणार. ती हाताने बाजूला काढा, पण शब्द सोडू नका.

आलेली बातमी तक्त्यात भरताना घटनेची तारीख, तालुका, लक्षणं आणि पदार्थाचं नाव कोणी सांगितलं हे लिहा: पोलीस, डॉक्टर की नातेवाईक? प्रयोगशाळेचा अहवाल आला का, हा रकाना सक्तीचा. एकच घटना पाच वृत्तपत्रांत आली तरी नोंद एकच. ब्रिटनमध्ये मार्च २०१० मध्ये स्कनथॉर्पच्या दोन तरुणांचा बळी मेफेड्रोनने घेतल्याचं छापून आलं, एप्रिलमध्ये बंदी आली आणि मे महिन्यात कळलं की त्यांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतंच. आपल्याकडेही पहिली बातमी ठळक छापली जाते, अहवालाची बातमी क्वचितच येते. म्हणून महिन्याभराने त्या घटनेची पुन्हा चौकशी करा.

मोठी उणीव अशी की चित्ररूपात टाकलेले स्थानिक ई-पेपर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची कात्रणं या जाळ्यात येत नाहीत. रोज सकाळी पंधरा मिनिटं एकाने जिल्हा आवृत्तीची पानं चाळायलाच हवीत.

एका आठवड्यात एकाच तालुक्यातून धडधड, तीव्र ताप, भ्रम किंवा झटके अशा दोन वेगळ्या नोंदी आल्या, तर तिसरीची वाट पाहू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा आणि पुढच्या रुग्णाचे रक्त-लघवीचे नमुने दाखल होताच घ्यायला सांगा. उशीर झाला की पदार्थ शरीरातून निघून जातो आणि मग तपासणीत काहीच सापडत नाही.