मेवाड आधी की मारवाड? राजस्थानातले गड, महाल आणि मुक्काम निवडताना

राजस्थानचा विषय निघाला की बहुतेक घरांत तीच यादी पुढे येते: जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, जमलंच तर पुष्कर आणि माउंट अबू. सगळं आठ दिवसांत. मग निम्मी सुट्टी गाडीत जाते, मेहरानगडाला दीड तास मिळतो, चित्तोड ‘वाटेत’ उरकला जातो आणि घरी आल्यावर कुठला शीशमहाल कुठल्या किल्ल्यातला हे फोटो बघूनही सांगता येत नाही. आठवडाभराचीच सुट्टी असेल तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. एक प्रदेश निवडा आणि तो नीट बघा. उदयपूरला तळ ठोकून मेवाड, नाहीतर जोधपूरला तळ ठोकून मारवाड. जयपूर इथे मुद्दाम बाजूला ठेवलंय; ते दिल्ली-आग्र्याच्या सहलीला जोडणं जास्त सोयीचं.

दोन्हीकडे गड आहेत, महाल आहेत, जुन्या वास्तूंमधली हॉटेलं आहेत. तरी अनुभव फार वेगळा. मेवाडात तुम्ही गड चालता, मारवाडात तुम्ही गडाच्या आत राहणाऱ्यांचं आयुष्य बघता. निवड करताना हा फरक लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप सुटत जातं.

चित्तोड घ्या. तीन वेळा हा किल्ला पडला. १३०३ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी, १५३५ मध्ये गुजरातचा बहादूरशाह आणि १५६८ मध्ये अकबर. पुढे १६१५ मध्ये राणा अमरसिंह आणि जहांगीर यांचा तह झाला. चित्तोड मेवाडला परत मिळाला, पण त्याची डागडुजी करायची नाही या अटीवर. नंतर मेवाडच्या राजांनी तटाची दुरुस्ती केली, तेव्हा १६५४ मध्ये शाहजहानने फौज पाठवून ती पाडून टाकली. आज चित्तोडवर जे भग्न महाल दिसतात त्यामागे नुसता काळ नाही, ही अटही आहे. हे माहीत असेल तर राणा कुंभाच्या महालाच्या पडक्या भिंतींपुढे माणूस जास्त वेळ थांबतो. राणा कुंभाचाच नऊ मजली विजयस्तंभ, त्याहून जुना जैन कीर्तिस्तंभ, मीरेचं मंदिर, गोमुखाचं कुंड हे सगळं विस्तीर्ण माथ्यावर पसरलेलं आहे. वर रस्ता आहे, गाडी किंवा रिक्षा जवळपास सगळीकडे जाते. त्यामुळे गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तरी चित्तोड होतो. पद्मिनीच्या महालापाशी आरशाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. ऐका, पण आज उभी असलेली इमारत १९व्या शतकात पुन्हा बांधलेली आहे हेही ध्यानात असू द्या. उदयपूरहून चित्तोड साधारण ११५ किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, पण पहाटे लवकर निघा. माथ्यावर सावली कमी आहे.

कुंभलगडाचं तसं नाही. इथे चढ आहे, आणि खडा आहे. दरवाजामागून दरवाजा ओलांडत बादलमहालापर्यंत जाताना दम लागतो. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला राजस्थानात कुठे घरच्यासारखं वाटेल तर ते इथे: अरवलीचं जंगल, डोंगराच्या सोंडांवरून वळत गेलेला तट, घटासारखे फुगीर बुरुज. तटबंदीची लांबी ३६ किलोमीटर सांगतात. १५४० मध्ये महाराणा प्रतापांचा जन्म याच गडावर झाला आणि १५७८ मध्ये शाहबाजखानाने तो अकबरासाठी घेतला, पुढे प्रतापांनी तो परत मिळवला. बहुतेक गाड्या इथे तासाभरासाठी थांबतात. मी म्हणेन, अख्खी सकाळ द्या. वरच्या महालापेक्षा खालच्या मंदिरांच्या बाजूने तटावर चालण्यात जास्त मजा आहे, आणि तिकडे गर्दी जवळजवळ नसते.

दुपारी रणकपूर. पंधराव्या शतकातलं आदिनाथाचं जैन मंदिर, १४४४ खांबांचं म्हणून प्रसिद्ध. पर्यटकांना ते दुपारी बारानंतरच उघडं असतं, म्हणून कुंभलगड सकाळी आणि रणकपूर दुपारी हाच क्रम ठेवा. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही.

आता मारवाड. जोधपूरचा मेहरानगड १४५९ मध्ये राव जोधांनी बसवला, आणि राजस्थानातला फक्त एकच किल्ला बघायचा झाला तर मी हाच सांगेन. कारण एकच: तो भरलेला आहे. आपल्या गडांवर आपण जोत्यांकडे बोट दाखवून ‘इथे सदर होती, इथे राणीवसा होता’ अशी कल्पना करतो. मेहरानगडात ती सगळी दालनं छपरासकट, रंगासकट उभी आहेत. हत्तीचे हौदे, पालख्या, पाळणे, हत्यारं, लघुचित्रं, तख्तविलासातलं रंगीत छत. एक पालखी नीट बघा, महाडोल नावाची. अहमदाबादच्या मोगल सुभेदाराशी १७३० मध्ये झालेल्या लढाईतून महाराजा अभयसिंहांनी ती आणली. महाराजा गजसिंहांनी १९७२ मध्ये किल्ल्यासाठी विश्वस्त संस्था स्थापली, आणि वस्तूंची मांडणी, माहितीफलक, स्वच्छता या बाबतीत इथे जे काम झालंय ते देशातल्या कुठल्याही किल्ल्याने गिरवावं असं आहे. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. आता पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्यांनी तरी मेहरानगड जरूर बघून यावा.

वर जायला लिफ्ट आहे, ज्येष्ठांनी ती वापरावी. पण उतरताना पायी या, म्हणजे दरवाजे चुकत नाहीत. लोहापोळ या दरवाजावर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. तिथे मुलांना काय सांगायचं हे आधी मनाशी ठरवून ठेवलेलं बरं.

जोधपूरनंतर लोक जैसलमेरकडे वळतात. अंतर साधारण २८० किलोमीटर, पाच तास, आणि तेवढंच परत. म्हणून मारवाडला सात दिवसांपेक्षा कमी देऊ नका. पाचच दिवस असतील तर जैसलमेर सोडा आणि त्याऐवजी नागौर करा. तिथल्या अहिछत्रगड किल्ल्यातल्या महालांचं आणि पाण्याच्या कारंज्या-हौदांचं जतन फार सुंदर झालंय, २००२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला पुरस्कार त्याला मिळाला. शिवाय आपल्या इतिहासाशी त्याचं दुखरं नातं आहे: जयाप्पा शिंद्यांचा खून १७५५ मध्ये याच नागौरच्या वेढ्यात झाला. मारवाडच्या गादीवरच्या आणखी एका राजाचं नाव आपल्याला ओळखीचं असतं. महाराजा जसवंतसिंहांनी १६६३-६४ मध्ये कोंढाण्याला वेढा घातला होता आणि गड हाती न लागता तो उठवला. मेवाडातही महादजी शिंद्यांचा १७६९ चा उदयपूरचा वेढा लोक विसरलेले नाहीत. तिथल्या गाइडच्या तोंडून मराठे येतात ते खंडणी मागणारे म्हणून. चिडू नका, ऐका. आपलीच गोष्ट दुसऱ्या तटावरून कशी दिसते हे कळणं हा या सहलीचा मोठा लाभ आहे.

मुक्काम कुठे करायचा?

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि सगळ्यात कमी चौकशी करतात.

राजस्थानात जुन्या वास्तूंची हॉटेलं दोन प्रकारची. एक, राजघराण्याचे महाल. दोन, ठिकाणेदारांचे म्हणजे जहागीरदारांचे रावळे, आपल्या भाषेत गढ्या. १९५२ च्या कायद्याने जहागिरी गेल्या आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढाल्या इमारती राखायच्या कशा, या प्रश्नातून दोन्हींची दारं पाहुण्यांना उघडली. काही राजघराण्यांनी हे आधीच ओळखलं होतं. पिछोला तलावातला जगनिवास, १७४३ ते ४६ या काळात बांधलेला, १९६३ मध्येच हॉटेल झाला.

महालांत दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात: उदयपूरचा हाच लेक पॅलेस आणि जोधपूरचं उमेदभवन. एक फरक सांगतो, पैसे वाचतील. उमेदभवनाचा एक भाग हॉटेल, एक भाग राजघराण्याचं निवासस्थान आणि एक भाग संग्रहालय आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ मध्ये सुरू झालेली ही इमारत १९४३ मध्ये पुरी झाली. तिकीट काढून ती थोडीफार बघता येते, तिथे राहायलाच हवं असं नाही. लेक पॅलेसमध्ये मुक्कामाला असलेल्यांनाच नेतात, बाकीच्यांनी तो काठावरून बघायचा. म्हणजे आयुष्यात एकदा एका रात्रीसाठी हात सैल सोडायचाच असेल, तर मी तो उदयपूरला सोडेन. नाहीतर नावेतून जगमंदिर बेटावर जा. जहांगीरविरुद्धच्या बंडाच्या काळात शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, तिथे आश्रयाला राहिला होता.

पण खरा आनंद गढीत आहे. मेवाडात देवगड किंवा चित्तोडजवळचं बिजयपूर, मारवाडात रोहट. खोल्या मोजक्या, अंगणात जेवण, पाठीमागे गाव. बऱ्याच ठिकाणी मालकांचं कुटुंब तिथेच राहतं आणि संध्याकाळी गप्पांना येऊन बसतं. भिंतीवरच्या तसबिरीतला माणूस कोण हे विचारलं की घराण्याची गोष्ट सुरू होते. महालातल्या नम्र, गणवेशातल्या सेवेत हे मिळत नाही. एक रात्र महालात आणि तीन रात्री गढीत, असं मी कुणालाही सुचवेन.

आरक्षणाआधी फोन करून विचारा: खोली जुन्या भागात आहे की नंतर बांधलेल्या नव्या भागात? नव्या भागातली खोली घेतली तर ते साधं हॉटेलच झालं. किती पायऱ्या? डिसेंबर-जानेवारीत खोलीत हीटर आहे का? जाड दगडी भिंतींच्या खोल्या रात्री फार गारठतात. आणि त्या तारखांना तिथे लग्न आहे का? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लग्नांचाही हंगाम, आणि अशा वेळी अख्खं अंगण मांडवाखाली जातं, मध्यरात्रीपर्यंत वाजंत्री. नावात ‘हेरिटेज’ आहे एवढ्यावर विसंबू नका. सरकारी वर्गवारीत १९५० पूर्वीच्या वास्तूच बसतात. वास्तू कधीची आहे हे विचारायला लाजायचं कारण नाही.

जैसलमेरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहू नका. ११५६ मध्ये वसलेला हा किल्ला आजही नांदता आहे, हजारो माणसं आत राहतात, आणि हेच त्याचं सौंदर्य. पण तो घागरीने पाणी आणणाऱ्या वस्तीसाठी बांधला होता. नळ आले, न्हाणीघरं आली, हॉटेलं आली. सांडपाणी पायथ्याच्या मातीत मुरत गेलं आणि काही बुरुज, भिंती ढासळल्या. पाहुण्यांच्या प्रत्येक शॉवरचा त्यात वाटा असतो. खाली गावात राहा. तिथून सकाळी सोनेरी होणारा किल्ला दिसतो, जो आत राहणाऱ्याला दिसतच नाही.

मग कुणी काय निवडावं? ट्रेकची सवय असेल, चालायची हौस असेल, पावसाळ्याच्या शेवटी जाणार असाल, तर मेवाड. ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभलगड हिरवागार असतो आणि उदयपूरचे तलाव भरलेले असतात. मारवाडात तेव्हा उकाडा असतो. कला, वस्त्रं, संगीत, जुन्या वस्तू यांत रस असेल तर मारवाड, तेही दिवाळीनंतर. ऑक्टोबरात शरद पौर्णिमेच्या सुमाराला मेहरानगडावर लोकसंगीताचा महोत्सव भरतो, तो साधता आला तर उकाडा सोसायला हरकत नाही. खाण्यासाठी जाणाऱ्यांनी जोधपूरच धरावं: मिरची वडा, मावा कचोरी, मखनिया लस्सी आणि जेवणात केर-सांगरी. लहान मुलं असतील तर उदयपूर सोपं पडतं, अंतरं कमी आणि नावेची फेरी हमखास आवडते. सिटी पॅलेसमध्ये मात्र अरुंद जिने आणि एकाच दिशेने सरकणारी गर्दी आहे, तिथे सकाळी दार उघडतानाच पोहोचा.

नऊ-दहा दिवस मिळत असतील तरच दोन्ही जोडा. मुंबईहून दोन्हीकडे विमानं आणि रेल्वे आहेत, जोधपूरला वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेस जाते. येण्या-जाण्याचं तिकीट एकाच शहराचं काढू नका. उदयपूरला उतरा, तीन-चार रात्री तिथे काढा, मग कुंभलगड-रणकपूर करत, वाटेत एका गढीत मुक्काम करून जोधपूरला पोहोचा आणि परतीची गाडी तिथून पकडा. उदयपूर-जोधपूर अंतर सुमारे २५० किलोमीटर. सरळ गेलं तर पाच तासांचा प्रवास. त्याला दोन दिवस द्या.